दूध सोसत नाही : अपचन की वावडे?

भंडारा जिल्हा हा धानाचा व तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील बांध्या आणि गावोगावचे जुने मालगुजारी तलाव यांवर येथील शेती उभी आहे. परंतु धानाचा पैसा हंगामाला हाती येतो. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, औषधपाणी हा रोजचा खर्च भागविण्यास गोठ्यातील दुभत्या जनावराचाच आधार असतो. सकाळ-संध्याकाळचे दूध संकलन केंद्रावर घालावे व त्यातील काही घरच्या मुलाबाळांसाठी राखून ठेवावे, ही आपल्या शेतकरी कुटुंबाची रीत आहे. दूध हे उत्पन्न आहे, तसेच ते अन्नही आहे.

अशा घरांतूनही एक तक्रार वारंवार ऐकू येते. 'आमच्या घरी अमक्याला दूध सोसत नाही.' ही तक्रार वरवर साधी दिसते. तथापि या एकाच वाक्यात दोन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्या न ओळखल्यामुळे पुष्कळ वेळा उलटेच उपाय केले जातात. ते कसे होते हे समजण्यासाठी दोन घरे डोळ्यांसमोर आणू.

पहिल्या घरी साठीचे एक शेतकरी आहेत. रात्री निजण्यापूर्वी मोठा पेलाभर दूध घेतले की त्यांचे पोट गुडगुडते, गुबारा धरतो व पहाटे जुलाब होतो. घरच्यांनी त्यांचे दूध तर बंद केलेच, पण दही आणि ताकही बंद केले. 'आपल्या घराण्यालाच दूध मानवत नाही' असे ठरवून नातवंडांच्या वाटचे दूधही केंद्रावर जाऊ लागले.

दुसऱ्या घरी सात महिन्यांचे मूल आहे. उष्टावणाच्या दिवशी त्याला तांदळाची खीर चाटविली. अर्ध्या तासाच्या आत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या व मूल ओकले. घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले, 'बाळाला वरच्या दुधाची सवय नाही. रोज थोडे थोडे पाजा, सवय होईल.'

दोन्ही घरांत बोल एकच, 'दूध सोसत नाही.' परंतु ज्यांना मोजून दूध घेता आले असते, त्यांचे दूध मुळासकट तोडले गेले आणि ज्या बालकास दुधाचा थेंबही देऊ नये, त्याला तेच थोडे थोडे देण्याचे ठरले. पहिल्या चुकीने कुटुंबाचे पोषण घटते. दुसऱ्या चुकीने जीवावर बेतू शकते.

दुधातील दोन घटक

दुधात पाणी, स्निग्धांश, प्रथिने, क्षार आणि एक विशिष्ट साखर असते. या साखरेस दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज असे म्हणतात. ती उसाच्या साखरेहून वेगळी असून तिची गोडी कमी असते. गाईच्या दुधात ती सुमारे साडेचार ते पाच टक्के व म्हशीच्या दुधात सुमारे पाच टक्के असते. अडीचशे मिलिलिटर दुधात ही साखर साधारण १२ ग्रॅम भरते.

दूध न सोसण्याचा पहिला प्रकार या साखरेमुळे होतो. दुसरा प्रकार दुधातील प्रथिनांमुळे होतो. साखरेची अडचण ही पचनाची बाब आहे. प्रथिनांचे वावडे, ज्यास डॉक्टर ॲलर्जी म्हणतात, ही शरीराच्या संरक्षक यंत्रणेची बाब आहे. सर्व विवेचनाचे मूळ या एका भेदात आहे.

साखर न पचणे

दुग्धशर्करा आहे त्या रूपात रक्तात शोषली जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरात तयार होणारे लॅक्टेज नावाचे पाचक द्रव्य तिचे दोन तुकडे करते, तेव्हाच ती शोषली जाते. तान्ह्या मुलाचा सारा आहार दूध हाच असल्याने त्याच्या आतड्यात हे द्रव्य भरपूर असते. पुढे अंगावरचे दूध सुटले की बहुसंख्य माणसांत ते हळूहळू कमी होते. न पचलेली साखर मग मोठ्या आतड्यात उतरते. तेथील जंतू ती आंबवितात व त्यामुळे वायू होतो. साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून घेते. पोट फुगणे, गुडगुडणे, मुरडा आणि पातळ शौच यांचे कारण हेच. हा त्रास दूध घेतल्यापासून साधारणतः अर्ध्या तासाने सुरू होतो, कधी काही तासांनीही जाणवतो.

हा रोग नव्हे. जगातील सुमारे दोन तृतीयांश लोकांत वयाबरोबर हे द्रव्य घटते. पूर्वी मात्र समज निराळा होता. १९५० व १९६० च्या दशकांत युनिसेफच्या साहाय्याने आलेली दुधाची भुकटी आपल्या देशात मुलांना व मातांना वाटली जात असे, आणि दूध सर्वांना सारखेच पचते असे त्या काळी गृहीत धरले जाई. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी निरोगी प्रौढांतही लॅक्टेज कमी असल्याचे दाखवून दिले, तेव्हा या विषयाकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७२ साली भारतीयांतील लॅक्टेजच्या न्यूनतेवर निबंध प्रसिद्ध केला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात उत्तर भारतातील लोकांत ही अडचण सुमारे २७ टक्के, तर दक्षिणेकडील लोकांत सुमारे ६७ टक्के आढळली.

हा फरक का पडतो? काही माणसांत मोठेपणीही लॅक्टेज चालू ठेवणारा आनुवंशिक गुण असतो. देशभरातील दोन हजारांहून अधिक लोकांची तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, हा गुण वायव्येकडे अधिक असून पूर्वेकडे व दक्षिणेकडे तो कमी होत जातो. भंडारा जिल्हा देशाच्या मध्यावर आहे. येथे ज्यांना पेलाभर दूध सहज पचते ते व ज्यांना पचत नाही ते, एकाच गल्लीत, किंबहुना एकाच घरात आढळल्यास आश्चर्य मानू नये. आजोबांना दूध पचत नाही म्हणून नातवंडांचे दूध बंद करण्याचे कारण नाही.

येथे प्रमाणाला महत्त्व आहे. ज्यांच्यात लॅक्टेज कमी असते अशा बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत दुग्धशर्करा, विशेषतः जेवणाबरोबर घेतल्यास, फारसा त्रास न होता सोसते. जो मनुष्य रात्रीच्या पेलाभर दुधाने हैराण होतो, तोच दिवसातून तीन वेळा चहा पितो आणि त्याला काही होत नाही. चहाच्या कपात ३०-४० मिलिलिटर दूध असेल, तर त्यातील दुग्धशर्करा दोन ग्रॅमच्या आतच असते. चहा सोसतो व पेला सोसत नाही, ही साखरेच्या अडचणीची चांगली खूण आहे.

प्रथिनांचे वावडे

आपले शरीर रोगजंतूंशी लढण्यासाठी रक्तात विशिष्ट द्रव्ये तयार करते. काही बालकांच्या शरीरात ही यंत्रणा दुधातील केसीन किंवा निवळीतील प्रथिनांना शत्रू समजते. त्यानंतर थोडेसे दूध पोटात गेले तरी ती एकदम उसळते. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, खाज सुटते, ओठ, पापण्या किंवा जीभ सुजते, उलटी होते व खोकला येतो. प्रसंगी श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊन धाप लागते, मूल निस्तेज व गार पडते. ही शेवटची अवस्था प्राणघातक होऊ शकते.

वावड्याचा आणखी एक प्रकार सावकाश दिसतो. त्यात गांधी उठत नाहीत, परंतु तान्ह्या मुलाच्या शौचात रक्त किंवा शेंब पडते, वारंवार ओकारी होते आणि वजन वाढत नाही. अशा मुलास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

हे वावडे मुख्यतः पहिल्या वर्षात, वरचे दूध सुरू होताना प्रकट होते. मोठेपणी प्रथमच सुरू होणे विरळा. समाधानाची गोष्ट ही की, बहुतेक मुले वाढत्या वयाबरोबर त्यातून मोकळी होतात. परंतु मोकळी झाली की नाही याची परीक्षा घरी घ्यावयाची नसते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, उपचाराची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी. 'थोडे थोडे देऊन सवय' ही समजूत येथे घातक ठरते.

ओळखण्यासाठी पाच प्रश्न

तक्रार कानी आल्यावर कार्यकर्त्याने पुढील प्रश्न विचारावे :

१. त्रास कोणाला होतो? मोठ्या मुलास किंवा प्रौढास होत असेल, तर बहुधा साखरेची अडचण. वर्षाच्या आतील मुलास होत असेल, तर वावड्याचा संशय आधी घ्यावा.

२. त्रास कोठे होतो? केवळ पोटात असेल, तर साखर. अंगावर, ओठांवर किंवा श्वासात असेल, तर वावडे.

३. किती दुधाने होतो? घोटभर दूध चालते व पेलाभर चालत नाही, तर साखर. चमचाभरानेही होतो, तर वावडे.

४. दही-ताक चालते काय? चालत असेल, तर साखर. त्यानेही तसाच त्रास होत असेल, तर वावडे.

५. घरातील सर्वांनाच एका वेळी त्रास झाला काय? तसे असेल, तर ही साखरेचीही बाब नव्हे व वावड्याचीही नव्हे. दूध नासलेले, दूषित किंवा भेसळीचे असण्याचा संभव आहे. अशा वेळी भांड्यांची स्वच्छता, धार काढणाऱ्याचे हात आणि दूध उकळण्याची रीत तपासावी.

या प्रश्नांनी दिशा कळते, निदान होत नाही. साखरेच्या अडचणीसाठी मोठ्या रुग्णालयांतून श्वासातील हायड्रोजन वायूची तपासणी करतात. वावड्यासाठी त्वचेवरील किंवा रक्ताची तपासणी असते. शौचात रक्त, ताप, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब किंवा घटणारे वजन, यांपैकी काहीही असल्यास दुधाला दोष देत न बसता डॉक्टरांकडे जावे.

हगवणीनंतरची तात्पुरती अडचण

पावसाळ्यात लहान मुलांना हगवण लागते, तेव्हा आतड्याच्या अस्तरास इजा होऊन लॅक्टेज काही काळ कमी पडते. हगवण थांबल्यावरही दूध दिले की पातळ शौच होते, आणि 'आता याला दूध सोसतच नाही' असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक ही अडचण तात्पुरती असते. अस्तर भरून आले की काही दिवसांत किंवा आठवड्यांत दूध पुन्हा पचू लागते. या काळात जलसंजीवनी व डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्या. मऊ भात, वरण व दही द्यावे. आईचे दूध मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. आईच्या दुधात दुग्धशर्करा गाईच्या दुधापेक्षा अधिक, सुमारे सात टक्के असते. तरीही तान्ह्या बाळाला ते पचते व तेच हितकर असते. जन्मतःच लॅक्टेज नसणे ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे.

काही चुकीच्या समजुती

म्हशीचे दूध जड, म्हणून गाईचे किंवा बकरीचे द्यावे, असे पुष्कळ सांगतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक हे खरे. परंतु दुग्धशर्करा तिन्हींत जवळजवळ सारखीच असते, आणि तिन्हींतील प्रथिनेही परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात की, गाईच्या दुधाचे वावडे असलेल्या मुलास म्हशीचे अथवा बकरीचे दूधही बहुधा बाधते.

अलीकडे देशी गाईचे 'ए-२' दूध अधिक दराने विकले जाते. हा फरक केसीन प्रथिनाच्या एका प्रकारापुरता आहे. त्या दुधातही दुग्धशर्करा तितकीच असते व वावडे उत्पन्न करणारी प्रथिनेही असतात. सबब वावडे असलेल्या मुलासाठी ते निर्धोक म्हणून कोणी विकू नये व कोणी विकत घेऊ नये.

दूध उकळल्याने जंतू मरतात, दुग्धशर्करा नाहीशी होत नाही आणि वावड्याचा धोकाही टळत नाही. पाणी घातल्याने दूध पातळ होते, इतकेच. जेवढे मूळ दूध पोटात जाईल तेवढी साखर जाणारच.

साखरेची अडचण असल्यास

प्रौढ माणसाने दोन आठवडे पेल्याने दूध पिणे, खवा, पेढे आणि बासुंदी बंद ठेवून पाहावे. खवा व बासुंदी यांत पाणी आटून साखर दाट झालेली असते, हे ध्यानात ठेवावे. या मुदतीत त्रास थांबला, तर जेवणानंतर अर्धा कप दुधापासून पुन्हा आरंभ करावा व आपल्याला किती सोसते ते ठरवावे. दूध बंद करूनही त्रास चालूच राहिला, तर कारण अन्यत्र शोधावे. ज्याला पूर्वी गांधी, सूज किंवा धाप झाली आहे, त्याने मात्र हा प्रयोग मुळीच करू नये.

दही व ताक यांचा आपल्या आहारातील मान या बाबतीत सार्थ आहे. विरजणातील जंतू दुग्धशर्करेचा काही भाग आम्लात बदलतात आणि त्यांच्या अंगचे लॅक्टेज पोटात गेल्यावर उरलेली साखर पचविण्यास मदत करते. हा दुसरा लाभ ताज्या, न तापविलेल्या दह्या-ताकात मिळतो. कढी उकळली की ते जंतू मरतात. पनीर करताना बरीच साखर निवळीबरोबर निघून जाते. तुपात ती जवळजवळ नसतेच. अशा रीतीने दूध पूर्ण न सोडताही दुधाचे पोषण मिळविता येते. जे फारच थोडे दूध घेतात, त्यांनी तीळ, मुनग्याचा पाला आणि काट्यासकट खाता येणारे तलावातील लहान मासे आहारात ठेवल्यास हाडांना लागणारा चुना मिळतो.

वावडे असल्यास

येथे अर्धा कपही नाही व चमचाही नाही. दूध, दही, ताक, खवा, पनीर आणि दुधाची भुकटी सर्व वर्ज्य. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत तेही टाळावे. वरणभातावर तुपाऐवजी तेल घालावे. बिस्किटे व मिठाईत दूध असते हे विसरू नये. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पुडक्यावर दुधाचा उल्लेख असणे आवश्यक आहे, तो वाचून पाहावा.

मूल अंगावर पीत असेल, तर ते चालूच ठेवावे. आईने दूध वर्ज्य करावे किंवा कसे, हे डॉक्टर ठरवितात. अंगावरचे दूध नसल्यास पेज किंवा बकरीचे दूध हा पर्याय नव्हे. त्यासाठी खास तयार केलेले बालान्न मिळते, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. सहा महिन्यांनंतर भात, तूर-मुगाचे वरण, भाजी, अंडे व मासे देऊन मुलाचे पोषण राखावे. दूध वर्ज्य केले आणि त्याच्या जागी काहीच दिले नाही, तर मूल वावड्याने नव्हे, पण उपासमारीने खंगेल.

गांधींबरोबर सूज, धाप, सततची उलटी किंवा ग्लानी दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलास आडवे निजवावे. धाप असल्यास टेकवून बसवावे. तोंडाने काही पाजू नये, ओकवू नये, गांधींवर गेरू लावत वेळ दवडू नये. या अवस्थेतील खरे औषध म्हणजे मांडीत टोचावयाचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. ते मिळण्यासाठी मूल दवाखान्यात लवकर पोचणे अगत्याचे आहे. एकदा असा प्रसंग घडल्यावर मूल बरे दिसत असले तरी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांस अवश्य दाखवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

पशुसंवर्धनाचे काम करणाऱ्याने आरोग्याच्या गोष्टीत का पडावे, असा प्रश्न कोणी करील. परंतु शेतकऱ्याच्या दारी दुधाचा विषय आपणच काढतो. म्हैस घ्या, वैरण लावा, दूध वाढवा, असे सांगणाऱ्याने ते दूध घरात कोणाला कसे द्यावे हेही सांगितले पाहिजे. याकरिता तीन गोष्टी कराव्या. महिला मंडळाच्या बैठकीत वरील पाच प्रश्न समजावून द्यावे. वावडे असलेल्या मुलाची माहिती पालकांच्या संमतीने अंगणवाडी सेविका, शाळा व आशाताई यांना द्यावी, म्हणजे खाऊत किंवा प्रसादात चुकून पेढा दिला जाणार नाही. तसेच, ज्या घरी एकाच्या अपचनावरून सर्वांचे दूध बंद झाले असेल, तेथे मुलांच्या वाटचे दूध पुन्हा सुरू करण्यास सांगावे.

आरंभी वर्णिलेल्या दोन घरांकडे पुन्हा वळू. पहिल्या घरी आजोबांनी दुपारच्या जेवणात ताक घ्यावे, रात्रीचा पेला सोडावा आणि नातवंडांचे दूध चालू राहावे. दुसऱ्या घरी बाळाच्या वाटीतून दूध पूर्णपणे काढावे, वरण-भाताने ते वाढवावे आणि डॉक्टरांची वाट धरावी. साखरेची अडचण असेल तेथे मोजून घ्यावे व वावडे असेल तेथे वर्ज्य करावे. एवढा भेद गावातील प्रत्येक मातेस कळला, तर गोठ्यातील दूध कोणाच्याही जीवावर न उठता सर्वांच्या अंगी लागेल.